बोर्डाची तयारी

विष्णुपंत पोहरकरांनी उभ्या नोकरीत एकही कागद चुकीचा लिहिला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच सांगत असल्यामुळे तिच्यावर शंका घ्यायची सोय नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत जबलपूरजवळ खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तेव्हा ते तिथे कारकून म्हणून लागले, आणि आता पासष्टची लढाई होऊन गेल्यावर हेडक्लार्क म्हणून निवृत्तीला आले होते. या कारखान्यात दोनच वस्तू भरल्या जातात, एक तोफेचे गोळे आणि दुसऱ्या पोहरकरबाबूंच्या फाइली, असं सेक्शनमधले लोक म्हणत. विष्णुपंतांना त्यातली थट्टा कळत नसे असं नाही. पण आपल्या फाइलींचं नाव गोळ्यांच्या बरोबरीनं घेतलं जातं, याचंच त्यांना समाधान वाटे.

मुरलीधर त्यांचा एकुलता एक मुलगा. बापानं त्याला कारखान्यात चिकटवायची सगळी सोय करून ठेवली होती, पण पोरानं ऐकलं नाही. तो तोफखान्यात भरती झाला. पासष्टच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर त्याची तोफ दिवसरात्र चालली होती. एका सकाळी शत्रूचा गोळा अगदी तोफेशेजारी येऊन पडला. मुरलीधर धुळीतून उठून उभा राहिला तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता, फक्त दोन्ही कानांतून रक्त वाहत होतं. मग या दवाखान्यातून त्या दवाखान्यात असं बरंच झालं आणि शेवटी सैन्यानं त्याला घरी पाठवलं.

डावा कान पार गेला होता. उजव्या कानाशी तोंड नेऊन कोणी बेंबीच्या देठापासून ओरडलं, तर विहिरीतून आल्यासारखं काहीतरी पोचायचं. बाकी सगळा वेळ कानात एक शिट्टी वाजत राहायची. तो बोलायचा मात्र भरपूर, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे मोठ्यानं बोलायचा. त्यानं चहा मागितला की तीन क्वार्टर पलीकडे कळायचं. त्याची आई लढाईच्या आधीच वारली होती, तेवढं एक बरं झालं असं विष्णुपंत म्हणत आणि म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडे. घरात आता मुरलीधरची बायको नंदा होती. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तोच लढाई लागली. ती नवऱ्याशी बोलताना पुढ्यात येऊन, ओठ नीट हलवून बोलायला आपली आपणच शिकली होती.

विष्णुपंतांची निवृत्ती तोंडावर आली होती. ती झाली की क्वार्टर सुटणार. तब्येतही पहिल्यासारखी राहिली नव्हती, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. आपल्या मागे या पोराचं काय होणार, ह्या एका विचारानं त्यांचं जेवण तुटलं होतं.

पहिल्यांदा त्यांनी त्याला कारखान्यातच घ्यायचा प्रयत्न केला. माजी सैनिकांसाठी जागा होत्या. तपासणीच्या दिवशी खिडकीपाशी उमेदवारांची रांग होती. आतल्या बाबूनं मान खाली घालून वय विचारलं, मुरलीधरनं खणखणीत आवाजात सांगितलं, "जबलपूर!" मग बाबूनं शिक्षण विचारलं, तर ह्यानं बापाचं नाव सांगितलं. रांगेतली पोरं पोट धरून हसायला लागली. मुरलीधरलाही वाटलं काहीतरी मजेचं झालंय, म्हणून तोही हसला. विष्णुपंत मागे उभे होते. नोकरीत त्यांच्या अंगावर साहेब ओरडले होते, बढती हुकली होती, पण त्या दिवशी जशी मान खाली गेली तशी कधी गेली नव्हती.

कारखान्याच्या डॉक्टरांनी नापास केलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जिथे बारूद असते तिथे धोक्याचा भोंगा ज्याला ऐकू येत नाही, त्याला आत घेणार कसं? त्या खुर्चीत स्वतः विष्णुपंत असते तरी त्यांनी हेच लिहिलं असतं.

राहता राहिली पेन्शन. शहरातल्या सैनिक बोर्डाच्या दफ्तरात एक म्हातारे, निवृत्त सुभेदारसाहेब बसत. येणाऱ्या-जाणाऱ्या जवानांना अर्जांची वाट दाखवणं एवढंच त्यांचं काम. त्यांनी विष्णुपंतांना पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं.

"देखिए बाबूजी, दो बातें हैं। एक, तकलीफ़ फ़ौज की नौकरी से हुई, घर से लेकर नहीं आया था। दूसरी, तकलीफ़ बीस टका से कम न हो। मेडिकल बोर्ड बैठेगा, वो तय करेगा।"

दुसऱ्या गोष्टीचा विष्णुपंतांनी विचारच केला नाही. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? ज्या पोराच्या मागे ताशा वाजवला तरी तो वळून बघत नाही, तो वीस टक्के बहिरा आहे की नाही हे कोणी विचारणार होतं का? पण पहिल्या गोष्टीनं त्यांना पछाडलं. दुखणं फौजेतच झालं हे दाखवायचं म्हणजे तारीख, ठिकाण, तोफ, पलटणीचा दवाखाना, सगळं कागदाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं की माणसाची केस जाते ती तफावतीनं. अर्जात मंगळवार आणि जबाबात बुधवार आला, की वरचा साहेब लाल पेन्सिलीनं एक रेघ ओढतो, आणि त्या रेघेखाली माणूस जन्मभर गाडला जातो. आणि इथे तर वय विचारल्यावर 'जबलपूर' म्हणणारा मुलगा होता.

म्हणून त्यांनी मुरलीधरची तयारी घ्यायचं ठरवलं.

सुभेदारसाहेबांकडून त्यांनी मेडिकल बोर्डाच्या छापील फॉर्मची कोरी प्रत मागून आणली. "छापील फॉर्म असला की साहेब वरून खाली जातो," त्यांनी नंदाला सांगितलं. "मधूनच सुरू करणारा साहेब मी अजून नाही पाहिला. वरून खाली. नाव, नंबर, पलटण, भरती कधी झाली, लढाईत कुठे होता, कान कधी गेले, कसे गेले, इलाज कुठे झाला. याच क्रमानं विचारणार."

थंडीचे दिवस होते. सकाळी क्वार्टरच्या ओट्यावर ऊन यायचं आणि तिथे बोर्ड बसायचा. विष्णुपंत खुर्चीवर, ते साहेब. नंदा पुढ्यात पनागरच्या मटाराच्या शेंगा आणि मांडीवर जुनं कॅलेंडर पालथं घालून, हातात पेन घेऊन बसायची, ती बोर्डाचा कारकून. आणि मुरलीधर सावधानमध्ये उभा. पहिले काही दिवस त्यानं घोळ घातला, मग त्याला ते आवडायला लागलं. फौजेतून आल्यापासून कोणी त्याला काही काम सांगितलं नव्हतं. आता उठल्याबरोबर तो दाढी करून, भांग पाडून ओट्यावर हजर व्हायचा.

अडचण एकच होती. उत्तरं पाठ झाली, पण प्रश्न कधी संपला हे त्याला कळणार कसं? साहेबांना मिशा असतील, तोंड झाकलेलं असेल, ते कागदात बघून पुटपुटतील. विष्णुपंतांनी या अडचणीवर दोन दिवस विचार केला, आणि जो तोडगा काढला तो फक्त हेडक्लार्कलाच सुचला असता.

"साहेबाकडे बघूच नको," त्यांनी मुरलीधरच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सोडवून सांगितलं. "कारकुनाकडे बघ. प्रश्न चालू असतो तोवर कारकून साहेबाकडे बघतो. प्रश्न संपला की तो पेन उचलतो आणि उत्तर देणाऱ्याकडे बघतो. त्यानं तुझ्याकडे बघितलं की बोलायचं. साहेब बदलतात, कारकून सगळीकडे सारखेच."

मुरलीधरनं मान डोलावली. नंदानं पेन उचलून त्याच्याकडे पाहिलं आणि तो गरजला, "गनर मुरलीधर विष्णुपंत पोहरकर, साहब!" शेजारच्या क्वार्टरमधला कुत्रा भुंकायला लागला. विष्णुपंत इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी ऑफिसला जाताना पानवाल्यापाशी थांबून पान खाल्लं.

नंदाला मात्र एक शंका होती. एका सकाळी शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "मामंजी, एक विचारू का? रागावू नका."

"विचार ना."

"यांना ऐकू येत नाही, हेच तर साहेबाला दिसायला पाहिजे ना? आणि आपण तर तेच झाकून राहिलो."

"झाकून काहून राहिलो?" विष्णुपंतांचा आवाज चढला. "बहिरेपण कागदावर आहे. फौजेच्या डॉक्टरांनी लिहिलेलं आहे. ते काय कोणी पुसणार आहे? बोर्डासमोर बहिरेपण दाखवायचं नसतं, बाई, बोर्डाला तफावत दिसू द्यायची नसते. तुला नाही समजायचं ते."

नंदानं "अच्छा" म्हटलं आणि टोपली उचलून आत गेली. सुनेला उगीच टाकून बोललो असं विष्णुपंतांना वाटलं, पण कामाच्या वेळी बायकांनी असे प्रश्न विचारू नयेत असंही वाटलं, आणि दुसरं वाटणं जास्त सोयीचं होतं.

बोर्डाची तारीख आली. छावणीतल्या दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाकं मांडलेली होती आणि बाकांवर मुलं बसली होती. कोणाचा पाय नव्हता, कोणाचा हात, आणि काही वरून धडधाकट दिसत होती, त्यांच्या दुखण्याचा अंदाज येत नव्हता. मुरलीधरनं नंदानं कडक इस्त्री केलेला शर्ट घातला होता. अर्दलीनं नाव पुकारलं, विष्णुपंतांनी त्याला कोपरानं ढोसलं, आणि तो ताठ मानेनं पडद्याआड गेला. बापानं बाहेरच थांबायचं होतं.

विष्णुपंत पडद्याच्या जितकं जवळ बसता येईल तितकं जवळ बसले. आत कोणीतरी काहीतरी विचारलं. मग एक क्षणभर शांतता, आणि मुरलीधरचा आवाज आला, "गनर मुरलीधर विष्णुपंत पोहरकर, साहब!"

विष्णुपंतांचे ओठ त्याच्याबरोबर हलले.

पुढचा प्रश्न. नंबर बरोबर. पलटण बरोबर. भरतीची तारीख बिनचूक. साहेबांचा आवाज प्रत्येक प्रश्नाला खाली खाली जात होता. हळू बोलणारे साहेब दिसतात, सज्जन असावेत, असं विष्णुपंतांच्या मनात आलं. शेवटच्या दोन-तीन प्रश्नांना तर बाहेर काहीच ऐकू आलं नाही. नुसतं मुरलीधरचं उत्तर यायचं, घंटा वाजवावी तसं स्वच्छ. कान कधी गेले, तारीख, वार, वेळ. एकाही ठिकाणी तफावत नाही. विष्णुपंतांनी डोळे मिटून घेतले. शेजारी बसलेल्या एका पोरानं कौतुकानं म्हटलं, "आपका लड़का है? बहुत तेज़ है।" विष्णुपंतांनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे कान लावला.

मुरलीधर बाहेर आला तो चेहरा फुलवूनच. बापाचे दोन्ही खांदे धरून तो सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, एक पण नाही चुकलो!"

"शाबास," विष्णुपंत ओठ हलवून म्हणाले. "साहेब कसे होते? कुठे बसले होते?"

"बसले कुठं होते? मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. समोर बाबू, टेबलापाशी. साहेब मागं, पार दरवाज्यापाशी. प्रश्न चालू होते तोवर मी तर त्यांचं तोंड पण नाही पाहिलं."

विष्णुपंतांच्या हातातली छत्री खाली पडली. मुरलीधरनं ती उचलून दिली.

"मग प्रश्न?" त्यांनी विचारलं. "प्रश्न ऐकू आले तुला?"

"नाही ना! एक पण नाही." मुरलीधर हसत होता. "बाबूनं पेन उचललं की मी बोललो. तुम्ही सांगितलं होतं तसंच. बाबा, काहून असे बघून राहिले तुम्ही?"

विष्णुपंत पडदा बाजूला करून आत गेले. अर्दलीनं अडवलं, पण मेजरसाहेबांनी येऊ द्या म्हणून खूण केली. डॉक्टर मेजर तरुण होते, बोलायला सभ्य होते. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्चीसुद्धा दिली.

"बाबूजी, आपका लड़का ठीक सुनता है," ते म्हणाले. "फ़ौज के काग़ज़ों में जितना लिखा था, अब उतना नुक़सान नहीं रहा, थोड़ा-बहुत है। कोई काम-धंधा कर लेगा।"

"साहब, उसको तो एक अक्षर भी सुनाई नहीं दिया।"

मेजरसाहेब थकल्यासारखे हसले. "देखिए, मेरे पास हर हफ़्ते लड़के आते हैं। कान की जाँच बोलो, तो पहले से सोचकर आते हैं कि जवाब नहीं देना। इसलिए मैं जाँच का नाम ही नहीं लेता। पीठ पीछे खड़े होकर फ़ॉर्म की मामूली बातें पूछता हूँ, ऊपर से नीचे, और हर सवाल पर आवाज़ कम करता जाता हूँ। आख़िरी सवाल मैंने फुसफुसाकर पूछा था। उसने तारीख़ तक बता दी।"

"साहब, वो मैंने सिखाया था। सब जवाब मैंने रटवाए थे।"

खोलीतला कारकून लिहायचा थांबला. मेजरसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आपने सिखाया था," ते सावकाश म्हणाले. "क्या सिखाया था? जवाब देना, या बहरा बनना?"

आयुष्यभर विष्णुपंतांनी दुसऱ्यांच्या कागदांतल्या खोट्या जागा शोधून काढल्या होत्या, आणि आता खरं सांगायला गेले तर ते त्यांच्याच तोंडून खोटं वाटत होतं. त्यांनी हात जोडले. कुणापुढे हात जोडायची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि ती त्यांना नीट जमलीही नाही, कारण हातात छत्री होती.

"एक बार फिर देख लीजिए, साहब। कुछ भी पूछ लीजिए। कुछ दूसरा पूछिए।"

"अब क्या पूछूँ? अब तो वो आपसे मिलकर आ गया। अब चुप रहेगा, तो मैं उसका क्या मानूँ?" त्यांनी पुढचा कागद ओढला. "आप अपील कर सकते हैं। आपका हक़ है।"

डॉक्टर दुष्ट असते तर बरं झालं असतं. त्यांना मनातल्या मनात शिव्या देता आल्या असत्या. पण त्यांच्या जागी स्वतःला बसवून पाहिलं तरी विष्णुपंतांना दुसरं काही लिहिता येत नव्हतं. ही त्यांची जुनी खोड होती, आणि आज ती त्यांच्या जिवावर उठली होती.

बसमध्ये मुरलीधर खिडकीपाशी बसला होता. लष्करी ट्रकांची रांग रस्त्यावरून जात होती. ट्रक दिसला की तो कोणत्या जातीचा ते बापाला मोठ्यानं सांगत होता, आणि सगळी बस वळून बघत होती. विष्णुपंतांनी त्याला गप्प केलं नाही.

घरी नंदा दारातच उभी होती. नवऱ्यानं आल्या आल्या तिला सगळं रंगवून सांगितलं, भिंत, बाबू, पेन. ती ऐकता ऐकता सासऱ्याकडे बघत होती. तिला कळलं. "मी म्हटलं होतं," असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर विष्णुपंतांना जरा तरी मोकळं वाटलं असतं. तिनं फक्त त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "चलो, हातपाय धुऊन घ्या, जेवायला वाढून राहिले."

काही आठवड्यांनी कागद आला. अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी, म्हणून पेन्शन देय नाही. सबब लहान होती, आणि कुठल्याही भाषेत ती तेवढीच लहान वाटली असती. विष्णुपंत अपिलाला बसले. शाई, टाचण्या, कोरे ताव, सगळं काढून ठेवलं. पण पहिलं वाक्यच होईना. ज्या माणसानं मोठ्या मोठ्या साहेबांसाठी मोठी मोठी पत्रं एका बैठकीत लिहून दिली होती, तो सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून तावाकडे बघत राहिला. 'माझ्या मुलास ऐकू येत नाही' असं लिहिलं, तर मग त्यानं उत्तरं कशी दिली? 'मी शिकवली म्हणून' असं लिहिलं, तर मग आणखी काय काय शिकवलं?

ते पुन्हा सुभेदारसाहेबांकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. सुभेदारसाहेबांनी ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"ये मत लिखिएगा, बाबूजी," ते म्हणाले. "मैं तो मान गया, क्योंकि आपका मुँह देख रहा हूँ। ऊपर वाले काग़ज़ देखेंगे। लिखेंगे 'सिखाया-पढ़ाया गवाह', और फिर कोई दरवाज़ा नहीं खुलेगा।"

"तो क्या लिखूँ?"

"कारख़ाने वालों ने उसे बहरा कहकर लौटाया था न? वो काग़ज़ लगा दीजिए। देखिए, क्या होता है।"

विष्णुपंतांनी तेवढंच केलं. कारखान्याच्या डॉक्टरांचा नापासाचा शेरा आणला, त्याची नक्कल जोडली, आणि चार ओळींचं अपील पाठवलं. त्यांच्या हातून गेलेला हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात केविलवाणा अर्ज होता. ज्या तपासणीच्या दिवशी त्यांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, त्याच तपासणीचा शेरा आता त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला होता.

मधल्या काळात ते निवृत्त झाले. सेक्शननं हार घातला, साहेबांनी भाषण केलं, त्यात बिनचूक कामाचा उल्लेख दोनदा आला. क्वार्टर सोडायची नोटीस आली. शहरात गलगला मोहल्ल्याच्या बाजूला दोन खोल्या बघून ठेवल्या. नंदा आता शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवून देऊ लागली होती. मुरलीधर तिच्या शिवणयंत्रात तेल घालून द्यायचा आणि सुई खालीवर होताना बघत बसायचा.

सामान बांधायला काढलं त्याच सुमारास पोस्टमन आला. विष्णुपंतांनी पाकीट उभ्या उभ्याच फोडलं. कारखान्याचा दाखला सेवेतून सुटल्यानंतरचा आहे, त्यामुळे त्यातला दोष सैनिकी सेवेत उद्भवला असं मानता येत नाही. लष्करी बोर्डाच्या तपासणीत अर्जदारानं सर्व प्रश्नांची तत्काळ व अचूक उत्तरं दिली आहेत. अपील फेटाळण्यात येत आहे.

म्हणजे कारखान्याच्या लेखी पोरगा बहिरा होता, म्हणून काम नाही. आणि फौजेच्या लेखी पोरगा ऐकत होता, म्हणून पेन्शन नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते. त्यांच्यातली तफावत तेवढी विष्णुपंतांच्या ओट्यावर बसून सायकलची चेन साफ करत होती, आणि तिला विचारणारं कोणी नव्हतं.

मुरलीधरनं बापाच्या हातात कागद पाहिला आणि हात पुसत उठला. "आलं का, बाबा? काय लिहून राहिले ते?"

विष्णुपंत त्याच्यासमोर आले. इतके दिवस त्यांनी त्याला काही सांगितलं नव्हतं. "नाही म्हणाले," त्यांनी ओठ हलवले.

"काहून?" मुरलीधरच्या कपाळावर आठी पडली. "मी चुकलो का कुठं?"

नंदा दारात येऊन उभी राहिली होती. विष्णुपंतांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्यांना सांगायचं होतं, की चुकलो तो मी. पण हे एवढं लांब वाक्य ओठांवरून वाचता येईल असं त्यांच्याच्यानं बोलवेना.

"नाही," ते म्हणाले. "तू एक पण नाही चुकलास."

"तेच तर!" मुरलीधरचा चेहरा उजळला. "मग त्यांचंच काहीतरी चुकून राहिलं असेल. तुम्ही फिकीर करू नका, बाबा. पुन्हा बोलवलं तर बोलवू द्या. मला अजून सगळं पाठ आहे. ऐकून घ्या."

असं म्हणून तो वळला आणि ओट्याच्या भिंतीकडे तोंड करून सावधानमध्ये उभा राहिला, जसं त्याला बोर्डात उभं केलं होतं तसा. छाती काढली, हात मांड्यांना चिकटवले.

"गनर मुरलीधर विष्णुपंत पोहरकर, साहब!"

"पुरे, बाळा," विष्णुपंत त्याच्या पाठीमागून म्हणाले.

त्यानं नंबर सांगितला. पलटण सांगितली.

"मुरली, पुरे!" ते ओरडले. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं खिडकी उघडली. कुत्रा भुंकायला लागला. "अरे, पुरे रे, मुरली! पुरे!"

मुरलीधर भरतीच्या तारखेवर आला होता. विष्णुपंत त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून, बेंबीच्या देठापासून ओरडत होते, आणि तो प्रत्येक उत्तरानंतर थोडं थांबून, कोणीतरी पेन उचलल्याची वाट बघून, पुढचं उत्तर बिनचूक देत होता.